रेड्याची परीक्षा

"कॉफी चादरीच्या आत देऊ, का बाहेर येऊन घेणार?" मिसेस कुलासोंनी विचारलं.

"बाहेर येते. थोडं थांबा, अजून दोन गाद्या राहिल्यात," मी आतून म्हणाले.

बेळगावच्या कॅम्पमधलं त्यांचं घर, बाहेरची खोली, भर सकाळ, आणि मी त्यांच्याच डबलबेडच्या चादरीखाली बसलेली. सोबत एक जुना बॅरिटोन सॅक्सोफोन आणि दिवाळीत खिडकीला लावतात ती दिव्यांची माळ. सॅक्सोफोनच्या प्रत्येक भोकावर एक झाकण असतं आणि झाकणाखाली चामड्याची गादी. गादी नीट बसली नाही तर हवा गळते आणि सूर फाटतो. म्हणून माळ नळीत सोडायची, झाकणं मिटायची आणि उजेड कुठून गळतो ते बघायचं. त्यासाठी अंधार लागतो. खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून चादर. कारण पूर्णपणे शास्त्रीय होतं. बाहेरून ते तसं दिसत नसावं, कारण घरातल्या माणसाचं दुखणं पाहुण्यांना सांगावं तशा हळू आवाजात मामा म्हणाले, "एमेस्सी हाय ती."

"असू दे की," मिसेस कुलासो म्हणाल्या. "माझा भाचा पण तसाच होता. आता बरा आहे."

मी तेव्हा भौतिकशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते, ध्वनिशास्त्र हा खास विषय घेऊन. नोकरी नव्हती, पण मतं भरपूर होती. माझे मामा, नामदेव ऐवळे, यांचा तासगावात ब्रास बँड. पणजोबांपासून चालत आलेला. घराण्यात वाजवणारे सगळे. सूर म्हणजे नेमकं काय हे पुस्तकात वाचलेली मी पहिली. त्यामुळे हा सॅक्सोफोन पारखायला मामा मला बेळगावला घेऊन आले तेव्हा मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. मला न विचारता इतकी वर्षं यांनी वाद्यं घेतली कशी, याचं मात्र वाटलं.

आम्हाला घाई होती ती गुलाबनानांमुळे. नाना मामांच्या बँडातला सगळ्यात खालचा सूर. बॅरिटोन सॅक्सोफोन हे माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत येणारं, वर एक वेटोळं घेतलेलं अवजड पितळी प्रकरण. आमच्या बँडात त्याला रेडा म्हणत. नानांचा रेडा मागच्या लग्नसराईत आमच्याच टेम्पोच्या मागच्या चाकाखाली गेला. ड्रायव्हर रिव्हर्स घेत होता आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणणारे स्वतः नानाच होते. उरलं फक्त माउथपीस. ते नाना रुमालात गुंडाळून खिशात ठेवत. तेव्हापासून नाना बँडाच्या कडेला उभे राहून खुळखुळा हलवत होते. वरातीतली पोरं त्यांच्या तोंडासमोर नाचायची. त्यांनी मामांना सांगून टाकलं होतं, "पाडव्यापतोर रेडा गावला तर ठीक. न्हाय तर मी चाललो भोसरीला पोराकडं. खुळखुळ्याला माणूस कशाला, वारं सुटलं तरी वाजंल."

नाना गेले तर नुसता एक माणूस कमी होणार नव्हता. खालचा सूर नसला की बँड नुसता किंचाळतो. मागच्या हंगामात दोन गावांनी आम्हाला तसं तोंडावर सांगितलं होतं.

मी चादरीतून बाहेर आले. केस विस्कटलेले, नाकाला पितळेचा वास.

"अंग उत्तम आहे," मी जाहीर केलं. "कुठे पोचा नाही. मानेचा, म्हणजे वरच्या वाकड्या नळीचा, सांधा एकदा झाळलाय, पण नीट झाळलाय. तीन गाद्या बदलाव्या लागतील."

"सासऱ्यांचं आहे," मिसेस कुलासो म्हणाल्या. "पलटणीच्या बँडात होते ते. मग माझा नवरा वाजवायचा. मला फुंकता येत नाही, पुसता येतं. म्हणून म्हटलं, वाजवणाऱ्या माणसाला द्यावं."

सोबत आलेल्या नानांनी रुमालातून माउथपीस काढलं, त्यावरची बोरूची पातळ पत्ती जिभेवर भिजवली, पट्टा गळ्यात घातला. आणि फुंकर मारली.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही, आणि मी तेव्हा आवाजावर प्रबंधिका लिहिलेली होती. कपाटाच्या काचा थरथरल्या. कॉफीवर बारीक वर्तुळं उठली. मिसेस कुलासोंनी खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. नाना एकेक सूर खाली उतरत गेले, जिना नीट आहे ना हे पायाने बघत जावं तसे. शेवटच्या पायरीवर थांबले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामांच्याही.

माझ्या हातात फोन होता.

"नाना, परत एकदा. मधला सूर. धरून ठेवा."

फोनवर सूर मोजायचं ॲप होतं. जगभर वाद्यं ज्या सुरावर मिळवतात तो एका सेकंदाला चारशे चाळीस कंपनांचा. फोन दाखवत होता चारशे बावन्न. दुसरा सूर घेतला. तोही तेवढाच चढा. तिसराही. मी माउथपीस बाहेर ओढायला लावलं. नळी लांबली की सूर उतरतो. खालचे सूर जवळपास जागेवर आले, पण वरचे भलतेच घसरले, कारण आखूड नळीला तेवढीच वाढ जास्त लागते. भोकंच मुळात वेगळ्या हिशेबाने पाडलेली होती. त्याला इलाज नव्हता.

"मामा, हे घ्यायचं नाही."

"का गं?"

"बेसूर आहे."

 मग मिसेस कुलासो म्हणाल्या, "बेसूर?"

"मुळातच. दुरुस्त होणार नाही."

"पोरी," नाना म्हणाले, "आवाज ऐकलास न्हवं?"

"नाना, आवाज चांगला असणं वेगळं आणि सुरात असणं वेगळं."

"आन् फोनला काय कळतंय?"

"फोनला चारशे चाळीस कळतं."

हे वाक्य मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं होतं. नाना मामांकडे बघत राहिले. मामा माझ्याकडे. भाचीला शिकवायचं म्हणून बहिणीशी भांडलेला माणूस तो. भाचीने दिलेला पहिलाच निकाल कसा मोडणार? त्यांनी मिसेस कुलासोंना हात जोडले. नानांनी पट्टा गळ्यातून काढला. त्याला इतका वेळ लागला की मी दोनदा घड्याळ बघितलं.

मिसेस कुलासो चादरीची घडी घालत होत्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बेसूर तर बेसूर."

नवा रेडा आम्ही पुण्याच्या एका दुकानातून आणला. तिथे मी अख्खा दिवस काढला, एकेक सूर मोजला. दुकानदाराने शेवटी मला स्टूल दिलं आणि स्वतः जेवायला निघून गेला. जे वाद्य निवडलं ते सोन्यासारखं झळझळत होतं आणि प्रत्येक सूर चारशे चाळीसच्या हिशेबात असा बसत होता की मी दुकानातच एकटी हसले.

तालमीच्या शेडमध्ये त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. नानांनी गळ्यात अडकवलं. मामांनी कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, उचललं, मान हलवली, आणि बँड सुरू झाला.

दोन एस. टी. गाड्या अरुंद पुलावर एकमेकींना घासून जाव्यात, तसं काहीतरी झालं. मामांनी हात वर केला. सगळे थांबले.

"नाना, बगून."

"बगूनच वाजवतोय."

परत सुरू. परत घासाघीस. क्लॅरिनेटवाल्याने कानात बोट घातलं. "उतरलाय," मामा म्हणाले. "रेडा उतरलाय."

"तो उतरलेला नाही," मी म्हणाले. "तो बरोबर आहे."

"मग आमी काय चुकतोय?"

मी नुसत्या भुवया उंचावल्या, म्हणजे बोलण्यापेक्षा वाईट. घरात नवी सून आली की चूक तिचीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि मी तिच्या माहेरची असल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी होते.

"कटकट नगं," मामा म्हणाले. "जावळ काढून टाकू." आणि भिंतीवरची लोखंड कापायची करवत काढली.

जावळ ही आमच्या बँडाची रीत. बँडात नवं वाद्य आलं की त्याच्या नळीचा बोटभर तुकडा कापायचा, कडा घासायची आणि मगच ते वाजवायला घ्यायचं. कॉर्नेटची सरकती नळी, क्लॅरिनेटचा वरचा तुकडा, सगळ्यांचं जावळ झालेलं. कापलेले तुकडे देव्हाऱ्याखालच्या डब्यात. लहानपणी मी विचारलं होतं, का कापता? मामा म्हणाले होते, "आपल्यात येतंय न्हवं? मग आपलं व्हाय नगं?" कॉलेजात मी हा किस्सा अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून सांगत असे. लोक खूप हसत.

आता करवत नव्या रेड्याच्या मानेवर होती. मी मधे पडले, म्हणजे खरोखरच सॅक्सोफोनला मिठी मारून पडले.

"मामा, याला नाही चालत! याची भोकं ठरलेली आहेत. मान कापली तर वरचे सूर पळतील, खालचे जागेवर राहतील. सगळंच फाटेल!"

"मग आसंच वाजवू का? ऐकलंस न्हवं?"

"दोष कुणाचा ते आधी बघू," मी म्हणाले आणि फोन काढला. मनात हेतू असा की या सगळ्यांना एकदा पुराव्यासकट दाखवून द्यावं. "प्रत्येकाने एकच सूर द्यायचा. मामा, तुम्ही पहिले."

मामांनी कॉर्नेटवर सूर धरला. चारशे बावन्न.

"चढा आहे," मी विजयाने म्हटलं. "पुढचे."

क्लॅरिनेट. चारशे बावन्न. "चढा."

दुसरं क्लॅरिनेट. "चढा." युफोनियम. "चढा." ट्रॉम्बोनवाल्याला मी सूर धरायच्या आधीच चढा म्हणून टाकलं, आणि फोनकडे बघितलं तर तोही तेवढाच होता.

तेवढाच.

प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी, पहिल्या तासाला एक गोष्ट शिकवतात. चुका विखुरतात. कुणाची थोडी इकडे, कुणाची थोडी तिकडे. सगळ्यांचं माप एकाच जागी येत असेल तर ती चूक नसते, ते काहीतरी असतं. मला त्या तासाला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

मी कोपऱ्यातली पेटी उघडली. "मामा, सा द्या."

मामांनी दिला. पेटीची पांढरी एक त्याच्या खाली राहिली. काळी एक वर गेली. मामांचा सा दोन्हींच्या मधोमध, जिथे लाकडी पट्ट्यांमधली फट असते तिथे. पेटीवर त्याला जागाच नव्हती.

"आगं, त्या कीबोर्डवाल्याचं पण आसंच झालं हुतं," मामा म्हणाले. "चार दिस आला. म्हनला, तुमचा सा कुठं घावंना. गेला पळून."

"हे कॉर्नेट कुणाचं?"

"आज्याचं. पलटणीत हुता. घरी येताना घिऊन आला. पुढचं समदं ह्येच्याशी मिळवून घेतल्यालं. न्हाय मिळालं तर जावळ काढून."

मी बाजूच्या ढोलावर बसले. ढोल पण बोलला.

पुढे वाचताना कळलं की इंग्रजांच्या पलटणींचे बँड जुन्या काळी असेच चढ्या सुरात वाजत. मागाहून ते सगळे खाली उतरले, जग चारशे चाळीसवर आलं. तासगावात मात्र ही बातमी कुणी सांगितली नाही. पिढ्यान्‌पिढ्या एक अख्खा बँड नळीनळीने कापून आपला सूर धरून राहिला होता. पण त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं.

"म्हंजे," मामांनी सावकाश विचारलं, "आमी समदे बेसूर?"

"नाही, मामा. तुम्ही सगळे अगदी सुरात आहात. फक्त हा सूर आता कुणाकडे राहिलेला नाही."

नाना पुढे आले. नवा रेडा गळ्यात तसाच होता. ते म्हणाले, "पोरी, बेळगावचा किती दावत हुता?"

मला फोन बघायची गरज नव्हती. तरी बघितला. कारण वर बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो बेळगावला. मामा, नाना, मी आणि मागे नवा रेडा, कारण मामा म्हणाले, "बाईला रोकडा न्हाय देता आला तर ह्यो देऊ." मिसेस कुलासोंनी दार उघडलं आणि आधी माझ्याकडे बघितलं.

"चादर धुतली मी," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुमचा सॅक्सोफोन…"

"गेला की. हायवेला नवं हॉटेल झालंय निपाणीच्या बाजूला, त्यांनी नेला. दिवा करणार आहेत त्याचा. तोंडात बल्ब."

नानांनी दाराची चौकट धरली.

"बाई, आसं कसं दिलंसा?" मामा म्हणाले.

"मग? तुमच्या पोरीनेच सांगितलं, बेसूर आहे, दुरुस्त होणार नाही. बेसूर वाद्य कुणाच्या गळ्यात बांधू? मला वाटलं निदान उजेड तरी देईल."

मी सांगायला सुरुवात केली. चारशे चाळीस, चारशे बावन्न, पलटण, जावळ. सगळं उलटसुलट. मधेच त्या म्हणाल्या, "थांब. माझा नवरा हे कधी क्लबात नेत नव्हता. तिथे दुसरं न्यायचा. हे घरातच. म्हणायचा, हा मोठा मानी आहे, कुणाबरोबर चालत नाही."

"आमच्याबरोबर चालंल," नाना म्हणाले.

मिसेस कुलासोंनी खुंटीवरची पर्स काढली. "सरका. मी पुढे बसणार."

हॉटेलच्या मागच्या अंगणात एक पेंटर उकिडवा बसला होता. समोर खुर्चीवर वर्तमानपत्रं अंथरून सॅक्सोफोन ठेवलेला, त्याच्या रुंद तोंडातून वायर लोंबत होती. पेंटर हातातला सोनेरी स्प्रेचा डबा खडखड हलवत होता. तो रंग गाद्यांवर बसला असता तर कुणी दुरुस्त करू शकलं नसतं.

नानांना मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी धावताना बघितलं नाही.

"ए! हात काड! हात काड त्येच्यावरनं!"

पेंटर डबा घेऊन मागे पडला. मॅनेजर धावत बाहेर आला. तरुण होता, टाय लावलेला. "अहो काका, काय चाललंय? शो-पीस आहे ते!"

नानांनी बल्ब वायरसकट उपसून पेंटरच्या हातात दिला. रुमाल, माउथपीस, पत्ती. गळ्यात पट्टा. मामांनी कॉर्नेट काढलं.

"निशा, फोन काड," मामा म्हणाले. "ह्या बारीला नीट तपास."

मी फोन काढला. मग खिशात ठेवला. हे मोजायला फोन लागत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. कानाने कधी करून बघितलं नव्हतं. दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण नेमके सारखे नसले, की त्यांच्यात एक हेलकावा ऐकू येतो. वाँव, वाँव, वाँव. जितके जवळ येतील तितका तो संथ होतो.

मामांनी सूर धरला. नानांनी खालून तोच. हेलकावा आला. नानांनी डोळे मिटले, माउथपीस केसभर आत ढकललं. हेलकावा लांबला. अजून लांबला. आणि थांबला.

मग दोन वाद्यं वेगळी ऐकूच येईनात. हॉटेलच्या खिडक्या उघडल्या. मिसेस कुलासो डोक्यावरून पदर घेतात तशी ओढणी घेऊन उभ्या होत्या, चर्चमध्ये असल्यासारख्या. नाना एकेक पायरी उतरत खाली गेले, आणि या वेळी मामा वरून त्यांच्याबरोबर होते.

थांबल्यावर पेंटर म्हणाला, "रंगवायचा का न्हाई मग?"

"नाही!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

"अहो पण मालक उद्या येणार," मॅनेजर रडकुंडीला आला. "रिसेप्शनच्या भिंतीवर त्यांना सोनेरी सॅक्सोफोन पाहिजे. मी काय टांगू तिथे? मला टांगतील ते!"

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मी गुपचूप टेम्पोकडे गेले आणि नवा रेडा उचलून आणला. उन्हात तो असा झळझळला की मॅनेजरने डोळ्यांवर हात धरला.

"हा चालेल?" मी विचारलं.

"चालेल काय, मॅडम! पण… खराब आहे का? देताय कसा?"

"खराब अजिबात नाही," मी म्हणाले. एक दिवस दुकानात स्टुलावर काढलेला होता. तेवढं तरी कुणाला सांगायलाच हवं होतं. "प्रत्येक सूर मी स्वतः मोजलाय. संपूर्ण जगाच्या हिशेबाने हा अगदी तंतोतंत सुरात आहे."

नाना आमच्याकडे पाठ करून टेम्पोत चढत होते. मांडीवर रेडा घेऊन मिसेस कुलासोंशेजारी बसणार होते. तिथे जागा नव्हती तरीही.

मॅनेजरने पेंटरच्या हातातून बल्ब घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"सुराचं राहू द्या, मॅडम. बल्ब बसतो का तेवढं बघा."

मी बघितला. बसत होता.